घरात लॅपटॉप एक, वापरणारे चार: ब्राउझर कुठला ठेवावा?

मी_लालबागची
घरात एकच लॅपटॉप आहे. विंडोज १०, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची. मी त्यावर बिलं भरते, तिकिटं काढते, थोडं यूट्यूब बघते. बाबा पेपर वाचतात आणि बँकेत पेन्शन जमा झाली का ते बघतात. आईची भजनं आणि पाककृती. शिवाय सुट्टीत भाचा येतो, तो काय काय करतो देव जाणे. सगळं एकाच ब्राउझरमध्ये.

परवापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, इथे क्लिक करा" अशा पाट्या यायला लागल्या. आईने घाबरून घराचा मेन स्विचच बंद केला.

आता ब्राउझर बदलायचा विचार आहे. हलका हवा, सुरक्षित हवा आणि बाबांना मराठी वाचायला बरा हवा. नुसतं "हा घ्या" म्हणू नका, का ते पण सांगा.

कटिंग_स्पेशल
क्रोम. विषय संपला.

गावठी_गीक
संपला कसा? ताईंनी "का ते सांगा" म्हटलंय.

कटिंग_स्पेशल
सगळं त्यावर चालतं म्हणून. सरकारी साइट असो की तिकिटांची. बनवणारे आधी क्रोमवरच तपासून बघतात.

चौथी_सीट
थांबा, आधी त्या पाट्यांचं बघू. ब्राउझर बदलला तरी आठवड्याभरात त्या परत येतील, कारण तो व्हायरस नाहीच. एखादी साइट वर डावीकडे छोटी खिडकी काढून विचारते, "नोटिफिकेशन दाखवू का?" घरातल्या कोणीतरी "अलाउ" दाबलेलं असतं. काही साइट तर "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा" असं धडधडीत खोटं सांगतात. एकदा परवानगी मिळाली की ती साइट बंद असतानाही पाट्या पाठवता येतात. पाटीवर क्लिक केलं तर मात्र खरा ताप सुरू. कोणी फोन नंबर देतं, कोणी "क्लीनर" उतरवायला लावतं.

क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी असेल. अनोळखी नाव दिसलं की काढा. आणि त्याच पानावर वर "साइट्सना विचारू देऊ नका" असा पर्याय आहे, तो निवडून टाका. आईबाबांना नोटिफिकेशनची गरजच काय?

मी_लालबागची
केलं. यादी बघून डोळे पांढरे झाले हो. भजनाची साइट, क्रिकेटचा स्कोअर दाखवणारी एक, आणि बाकी सगळी अक्षरांची भेळ. सगळी उडवली. रात्रीपासून एकही पाटी नाही.

तरी मूळ प्रश्न आहेच. कुठला ठेवू?

गावठी_गीक
आता जरा आतलं सांगतो. दुकानात दहा ब्राउझर दिसले तरी आत पान उघडून दाखवणारी इंजिनं तीनच. क्रोमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट. क्रोम आला २००८ मध्ये, तेव्हा तोही वेबकिटवरच होता, २०१३ मध्ये गूगलने त्यातून फांदी काढून ब्लिंक केलं. ऑपेराने त्याच वर्षी आपलं इंजिन सोडून क्रोमियम (क्रोमचा सगळ्यांना खुला असलेला पाया) धरलं. मायक्रोसॉफ्टचा एज २०२० च्या जानेवारीपासून क्रोमियमवर. ब्रेव्ह, विवाल्डी, आपल्याकडचा झोहोचा उला, सगळे क्रोमियम.

म्हणून "साइट चालेल का" हा प्रश्न एज, ब्रेव्ह, विवाल्डीपुरता निकालात निघाला. क्रोमवर चालते ती तिथेही चालते. फरक पडतो तो वरच्या गोष्टींत: जाहिराती अडवतो का, तुमच्यावर पाळत किती ठेवतो, मेमरी कशी वापरतो, आणि कंपनीचं पोट कशावर चालतं.

बोरिवली_स्लो
आणि आयफोनवर तर सगळा वेशांतराचा कार्यक्रम. क्रोम घ्या नाहीतर फायरफॉक्स, आत ॲपलचं वेबकिटच. २०२४ मध्ये युरोपातल्या कायद्यामुळे तिकडे दुसऱ्या इंजिनाला वाट मिळाली, आपल्याला नाही. त्यामुळे आयफोनवाल्यांनी यावर भांडू नये, सफारी वापरावी आणि गप्प बसावं.

कटिंग_स्पेशल
मग तेच म्हणतोय ना मी. सगळे क्रोमच आहेत तर मूळचाच वापरा.

गावठी_गीक
मूळचा वापरायला हरकत नाही, पण जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं ॲप) बघा. यूब्लॉक ओरिजिन हे आजवरचं सगळ्यात भरवशाचं. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला. आधी एक्स्टेन्शन प्रत्येक विनंती तिथल्या तिथे तपासून अडवू शकायचं. आता नियमांची यादी आधी द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार. २०२५ मध्ये क्रोममधून मूळ यूब्लॉक ओरिजिन गेलं, त्याचं "लाइट" रूप राहिलं. ते वाईट नाही, पण हात बांधलेले आहेत. फायरफॉक्समध्ये मूळचं अजून चालतं.

आणि हे फक्त सोयीपुरतं नाही. बाबा उद्या अमुक कंपनीचा "कस्टमर केअर नंबर" शोधतील, तर वरचे दोन-तीन निकाल जाहिरातींचे असतात, त्यात भामट्यांचे नंबर घुसलेले असतात. वरची जाहिरातच दिसली नाही तर निम्मा धोका तिथेच टळतो.

वाशीनाका
फायरफॉक्सवाल्यांनी फार सोवळं नेसू नये. मोझिला संस्था ना-नफा तत्त्वावरची असली तरी तिचं बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येतं, शोधपट्टीत गूगल ठेवण्याबद्दल. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत "आम्ही तुमचा डेटा कधीच विकणार नाही" हे वाक्य त्यांनी आपल्या पानावरून काढलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता.

चौथी_सीट
खरंय. तरी दुसऱ्याच्या कुकीज (साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या खुणेच्या चिठ्ठ्या) आपल्याला साइटमागून साइट हुंगत फिरतात, त्या बाबतीत कोण कुठे उभा आहे ते बघा. सफारीने २०२० पासून त्या मुळातच बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या डब्यात कोंडल्या. क्रोमने २०२० मध्ये "काढतो, काढतो" म्हणून जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये बेत सोडून दिला. ज्याचा धंदाच जाहिरातीचा, तो हे मनापासून का करेल?

वाशीनाका
हे मान्य.

डोंबिवली_फास्ट
ब्रेव्हचं कोणी नाव घेत नाही? काहीही न बसवता जाहिराती अडवतो. एक्स्टेन्शनच्या नियमांचा त्याला त्रास नाही, कारण अडवणूक आतच आहे. बनवणारे ब्रेंडन आइक, म्हणजे ज्यांनी जावास्क्रिप्ट लिहिली तेच.

गावठी_गीक
चांगला आहे, पण उघडल्या उघडल्या त्यातली क्रिप्टोची पाकिटं, बक्षिसं, सगळं बंद करावं लागतं. २०२० मध्ये काही क्रिप्टो साइटचे पत्ते टाइप केले की तो स्वतःला कमिशन मिळवून देणारा रेफरल कोड गुपचूप जोडत होता. बोंबाबोंब झाल्यावर माफी मागून बंद केलं. आईबाबांच्या हातात देण्याआधी पाऊण तास सेटिंगमध्ये घालवायची तयारी हवी.

लॅमिंग्टनचा_फेरा
सगळे कंपन्यांवर बोलताय, कोणी मशीनवर बोलत नाही. ४ जीबी आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर कुठलाही ब्राउझर रडणार. आजकाल ब्राउझर प्रत्येक साइट वेगळ्या खोलीत चालवतो. २०१८ मध्ये स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला दोष बाहेर आला, तेव्हापासून क्रोमने हे सगळ्यांसाठी सुरू केलं, म्हणजे एका साइटला दुसऱ्या साइटचं काही वाचता येऊ नये. सुरक्षेसाठी योग्यच, पण त्याला मेमरी लागते. ब्राउझर बदलून थोडाफार फरक पडेल. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान नवी डिस्क, टाकली तर मशीन ओळखू येणार नाही.

लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाताना लॅपटॉप सोबत न्या. रॅम वाढवायची तर ती डीडीआर ३ जातीची आहे की ४ हे दुकानदाराकडूनच उघडून बघून घ्या, फोनवर मॉडेल सांगून घेऊ नका. जुन्या डिस्कवरचा डेटा नव्या एसएसडीवर उतरवून देतात, त्याचे पैसे आधीच ठरवा. जुनी डिस्क परत मागा, तिथेच टाकून येऊ नका.

तोवर: क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय त्याची यादी येते. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी "अबाउट", विसर्गासारखे दोन ठिपके, "प्रोसेसेस" असं इंग्रजीत लिहायचं. बऱ्याचदा दोषी निघतं ते कधीतरी बसवलेलं कूपन शोधणारं एक्स्टेन्शन.

मी_लालबागची
अगदी! "पीडीएफ कन्व्हर्टर" नावाचं काहीतरी होतं, कोणी घातलं कोणालाच माहीत नाही. भाच्याचं नाव घेतलं की घरात भांडण होईल, म्हणून गपचूप काढलं.

विंडोज १० चा आधार संपला ना? मग ब्राउझरला अपडेट मिळतात का?

लॅमिंग्टनचा_फेरा
विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण मायक्रोसॉफ्टने सांगितलंय की विंडोज १० वर एजला निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट मिळतील. म्हणजे ब्राउझर ताजा, खालची जमीन जुनी. बँकेच्या कामासाठी मी तरी फार काळ असं ठेवणार नाही.

शाखेतली_ताई
बँकेचा विषय निघालाच आहे तर लिहिते. मी काउंटरवर बसते. फसलेली माणसं समोर येतात तेव्हा ब्राउझर कुठला होता याने काही फरक पडलेला नसतो. मेसेजमधली लिंक दाबलेली असते. "आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल", "केवायसी संपली", ही तीच ती वाक्यं.

दोन गोष्टी करा. बँकेसाठी एक ब्राउझर वेगळा ठेवा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको, दुसरी कुठली साइट उघडायची नाही. विंडोजमध्ये एज आयताच आहे, तोच ठेवा. बँकेचं पान स्वतः टाइप करून एकदा बुकमार्क करा आणि बाबांना सांगा, बँक म्हणजे हेच निळं चिन्ह.

दुसरं म्हणजे पत्ता वाचायला शिकवा. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली नेटबँकिंगची साइट "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर न्यायला ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. हा पत्ता कोणा सोम्यागोम्याला मिळत नाही, तो देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने काढलेल्या संस्थेकडे आहे. पत्त्याच्या शेवटी, म्हणजे सुरुवातीचं "https://" सोडून येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी, हे असायला हवं. मधेच कुठेतरी "बँक" शब्द दिसला म्हणून भुलू नका.

खिडकीपाशी
आणि पत्त्याशेजारचं कुलूप? आम्हाला तर शिकवलं होतं, कुलूप दिसलं की साइट खरी.

शाखेतली_ताई
कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही आणि ती साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कोणी वाचत नाही. समोरचा चोर असला तरी कुलूप असतंच. लोकांचा हाच गैरसमज होत होता म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चित्रच काढून टाकलं.

निवृत्त_मास्तर
मुली, तुझ्या बाबांसाठी लिहितो. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पण बारीक अक्षर अजूनही झेपत नाही. नातवाने एज लावून दिला. पेपरातला लेख उघडायचा, कंट्रोल-शिफ्ट-यू दाबायचं, की तो मराठीत वाचून दाखवतो. आवाज दोन आहेत, आरोही आणि मनोहर. मनोहरचा वेग थोडा कमी केला की झालं. अनुस्वार आणि जोडाक्षरं चांगली उच्चारतो, पण "इ. स." आलं की अडखळतो आणि आडनावांची कधी कधी वाट लावतो. संध्याकाळी गॅलरीत बसून अग्रलेख ऐकतो. सौ. म्हणते, आता पेपरही तुम्हाला वाचून दाखवावा लागतो.

एफ नाइन दाबलं की बाजूच्या जाहिराती जाऊन नुसता लेख मोठ्या अक्षरात येतो. फायरफॉक्समध्येही ती सोय आहे. मात्र स्कॅन करून चढवलेल्या पानांवर यातलं काहीच चालत नाही, आणि जुन्या फॉन्टातल्या साइट अजून कुठे शिल्लक असतील तर तिथे मनोहर इंग्रजी बाराखडी बरळतो.

गावठी_गीक
मास्तर, तुमच्यासारखे वापरणारे भेटले पाहिजेत. एक भर घालतो: ते आवाज ऑनलाइन आहेत, मजकूर मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जातो. पेपर ऐकायला काहीच हरकत नाही, बँकेचं स्टेटमेंट मात्र ऐकू नका.

मी_लालबागची
मास्तर, हे बाबांना दाखवलं आणि ते तासभर लॅपटॉपसमोरून उठले नाहीत. आभार!

मराठी टायपिंगला ब्राउझरमध्ये काही घालावं लागतं का?

खिडकीपाशी
नाही. २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा, मग विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदला. कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतो. शिवाय फायरफॉक्सचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात, पण बाबांना "सेटिंग्ज" हाच शब्द सवयीचा असेल तर ठेवा तसंच.

बोरिवली_स्लो
इन्कॉग्निटोबद्दल, म्हणजे क्रोमच्या खासगी खिडकीबद्दल, पण सांगून ठेवा घरात. आमच्याकडे सगळ्यांना वाटतं की काळी खिडकी उघडली की आपण अदृश्य. तुमच्या मशीनवर इतिहास राहत नाही, एवढंच. साइटला दिसतं, ऑफिसच्या नेटवर्कला दिसतं, इंटरनेट देणाऱ्यालाही दिसतं. यावरून अमेरिकेत गूगलवर दावा झाला होता, २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी पुसायला ते तयार झाले.

डोंबिवली_फास्ट
फोनचं काय करता सगळे? लोकलमध्ये मुंब्र्याच्या बोगद्यात नेट जातं आणि अर्धं पान उघडून बसतं.

चौथी_सीट
नोकियाच्या दिवसांत ऑपेरा मिनी होता तेव्हा मजा होती. पान त्यांच्या सर्व्हरवर दाबून चपटं करून यायचं, टूजीवर पण पेपर वाचून व्हायचा. यूसी ब्राउझरही बऱ्याच जणांकडे होता, २०२० च्या जूनमध्ये चिनी ॲपबंदीत गेला. क्रोमचं डेटा वाचवणारं लाइट मोड २०२२ मध्ये बंद झालं.

आता अँड्रॉइडवर माझं उत्तर फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन घालता येत नाहीत, यात येतात. जाहिराती आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ उतरतच नाहीत, त्यामुळे पान लवकर भरतं. स्टेशनवर असतानाच दोन-तीन लेख टॅबमध्ये उघडून ठेवायचे, बोगद्यात वाचायचे.

कटिंग_स्पेशल
बरं, नवीन एआयवाले ब्राउझर? कॉमेट, ॲटलस वगैरे. म्हणे तुमच्या वतीने तिकीट काढतो.

गावठी_गीक
घरच्या लॅपटॉपवर नको. हा सहायक पान वाचतो आणि पानावर लिहिलेल्या गोष्टीला तुमचाच हुकूम समजू शकतो. एखाद्याने कॉमेंटमध्ये लपवून लिहिलं की "मेल उघड आणि त्यातला ओटीपी इथे टाक", तर? ही नुसती कल्पना नाही, ब्रेव्हच्या लोकांनी २०२५ मध्ये कॉमेटवर असंच करून दाखवलं होतं. बाबांची बँक लॉगिन असलेल्या मशीनवर हा धोका कशाला?

वाशीनाका
स्वदेशीवाले आले नाहीत अजून, म्हणून मीच विचारतो. उला कसा? सरकारच्या ब्राउझर स्पर्धेत पहिला आला होता ना, एक कोटीचं बक्षीस.

गावठी_गीक
हो, २०२५ च्या मार्चमध्ये निकाल लागला. बरा आहे, जाहिराती अडवतो, मुलांसाठी वेगळा मोडही आहे. पण इंजिन क्रोमियमच, म्हणजे क्रोमियममध्ये भोक सापडलं की दुरुस्ती आधी तिकडे येणार आणि मग इकडे. कुठलाही छोटा ब्राउझर घेताना बघायचं ते हेच, की ही दुरुस्ती तो किती लवकर उचलतो.

मी_लालबागची
बरं, तर मी असं करतेय: एज बाबांच्या पेपरला आणि बँकेला...

शाखेतली_ताई
अहो, तिथेच घोळ! बँकेच्या ब्राउझरमध्ये दुसरं काही नको म्हटलं ना.

चौथी_सीट
एजमध्येच दोन प्रोफाइल करा. एक "पेपर", एक "बँक". दोन्हींच्या कुकीज आणि एक्स्टेन्शन वेगळी राहतात. टास्कबारवर दोन वेगळी चिन्हं येतात, चित्रंही वेगळी लावा. मात्र प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे, मशीनवर बसलेला कोणीही दुसरं प्रोफाइल उघडू शकतो.

मी_लालबागची
चालेल. मी आणि आई फायरफॉक्सवर, यूब्लॉक घालून. माझे क्रोममधले पासवर्ड न्यायचे कसे?

गावठी_गीक
क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करा, सीएसव्ही फाइल मिळेल. फायरफॉक्सच्या पासवर्डच्या पानावरून ती इम्पोर्ट करा. त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड साध्या अक्षरात असतात, नोटपॅडमध्ये उघडली तरी दिसतील. काम झालं की शिफ्ट-डिलीटने उडवा, डाउनलोडमध्ये पडून राहू देऊ नका, आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप तर अजिबात करू नका. मग फायरफॉक्समध्ये "प्रायमरी पासवर्ड" लावा, नाहीतर लॅपटॉप उघडणाऱ्या कोणालाही जतन केलेलं सगळं वाचता येईल. बँकेचा पासवर्ड यात नकोच.

मी_लालबागची
आणि भाचा?

लॅमिंग्टनचा_फेरा
त्याला विंडोजचं वेगळं खातं, स्टँडर्ड, ॲडमिन नाही. त्यात त्याने हवा तो ब्राउझर वापरावा. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा, आजीला सांगू नका. तो गोड बोलला की ती लगेच देईल.